पाहणीची डिस्क

मत्सर हा मानवी मनाचा सर्वांत पुरातन विकार आहे. त्याने राज्ये बुडवली, सख्ख्या भावांत वैर लावले, आणि तो ज्याच्या अंतःकरणात शिरतो त्याला अन्न गोड लागत नाही. उत्रोलीच्या गोरखच्या अंतःकरणात तो बटणांच्या डब्यातून शिरला. अन्नाचं म्हणाल, तर त्या दुपारीही त्यानं नेहमीइतक्याच भाकऱ्या खाल्ल्या.

झालं असं, की त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलं होतं. गोरख विमा एजंट. गळा उघडा टाकून मरणाविषयी बोललं की लोक ते गांभीर्यानं घेत नाहीत, हा त्याचा अनुभव. बायको, मंगल, भाताच्या खाचराकडं गेली होती. तिची वाट बघण्यापेक्षा आपणच बटण शोधावं म्हणून त्यानं फडताळातला बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. डब्यात रिळं होती, सुया होत्या, हुक होते, लेकीचा, प्रेरणाचा, पडलेला दुधाचा दात होता, आणि सगळ्याच्या खाली एक डिस्क होती. वरची बाजू पांढरी. तिच्या मधल्या भोकातून लाल नाडी ओवून छान गाठ मारलेली. आणि पांढऱ्या बाजूवर निळ्या मार्करनं, मंगलच्या थोरल्या भावाच्या, सोपानच्या अक्षरात लिहिलेलं: ‘मंगल. पाहणी. आनंदराव, मार्गासनी.’

सोपान तेव्हा हिर्डोशीजवळच्या धरणाच्या कामावर मुकादम होता. तिथं साहेब लोक यायचे ते पाहणीला यायचे. त्यामुळं बहिणीला बघायला आलेला मुलगा हीसुद्धा त्याच्या लेखी पाहणीच. बोनसच्या पैशांतून त्यानं पुण्याहून डिस्कवर चित्रण करायचं मशीन आणलं होतं. भाड्याचा कॅमेरा त्याला जोडून तो घरातलं काहीही भरून ठेवायचा. म्हशीला रेडकू झालं तेही त्यानं भरलं होतं. पण गोरख जेव्हा मंगलला बघायला गेला, तेव्हा मात्र सोपान म्हणाला होता, “पावनं, डिस्का संपल्यात.”

गोष्ट सतरा-अठरा वर्षांपूर्वीची. गोरखनं ती तेव्हा मनाला लावून घेतली नव्हती. आता ती थकबाकीसकट लागली.

बटण न लावताच तो खाचराकडं निघाला. भाताला लोंब्या धरल्या होत्या आणि वर पाखरांचा कालवा चालला होता. त्यांना बुजवायला मंगलनं काठ्यांना सुतळ्या बांधून चकचकीत डिस्का टांगल्या होत्या. त्या वाऱ्यावर गिरक्या घेत होत्या, उन्हात लखलखत होत्या. गोरख गेला आठवडाभर त्या बघत होता. त्यानं मंगलच्या हुशारीचं कौतुकसुद्धा केलं होतं. आज त्यानं एक डिस्क हातात धरून वाचली. ‘शुभविवाह, भाग पहिला.’ पलीकडं भाग दुसरा होता. बांधावर वरात होती.

“मंगल, ह्या डिस्का कशाच्यायत?”

“आपल्या लग्नाच्या.” ती वाकूनच बोलली. “तुमीच म्हनला व्हता न्हवं, पाखरं लई झाल्यात, काय तर टांग.”

“काय तर टांग म्हंजी लग्न टांग, असं म्हनलो न्हवतो म्या.”

“आता कोन बगतंय त्या? हितं निदान पोपट तरी बगत्यात.” ती उठली आणि भाताची एक पात त्याच्या नाकासमोर धरली. “त्ये ऱ्हाऊ द्या. ही पानं बगा. ठिपकं पडल्यात. समदं करपाया लागलंय. औषदाचं बगा की कायतरी.”

“बगतो,” गोरख म्हणाला. त्याचं लक्ष पानाकडं नव्हतं. आत त्याचंही करपायला सुरुवात झाली होती आणि त्यावर औषध कुणी विचारत नव्हतं.

हिशेब सरळ होता. लग्नाच्या सगळ्या डिस्का पोपटांना. पाहणीची तेवढी डब्यात. तीही नाडी बांधून, दाताशेजारी.

सरळ विचारावं तर आपण जळतोय हे तिला कळणार. अशी गोष्ट बायकोला एकदा कळली की ती माहेरी जाते, म्हणजे बायको नव्हे, गोष्ट. म्हणून रात्री जेवताना त्यानं आडून सुरुवात केली.

“उंद्या मार्गासनीकडं जायाचंय. विम्याचं काम हाय.”

“व्हय?” मंगलनं आमटी वाढली. “मग आनंदरावांचं हाटेल बगून या. लई चालतंय म्हनं.”

“कोन आनंदराव?”

“बगाया आलं व्हतं न्हवं मला. तुमच्या आदी.”

“आसं. कसं व्हतं?”

“बरं व्हतं.”

गोरखनं आमटी बाजूला सारली. मग पुन्हा ओढली, कारण आमटी चांगली झाली होती. पण ‘बरं व्हतं’ हे दोन शब्द त्याच्या घशात अडकले. त्याहीपेक्षा अडकलं ते नाव. इतक्या वर्षांच्या संसारात मंगलनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. काढायचं नसतंच. ती त्याला ‘अहो’ म्हणायची, शेजारणींशी बोलताना ‘ह्ये’ आणि शाळेत ‘प्रेरनाचं पप्पा’. फोनमध्येही त्याचा नंबर ‘प्रेरना पप्पा’ म्हणून ठेवलेला. रीतच होती ती, तक्रार नव्हती. पण आनंदरावांना ती रीत लागू नव्हती. आनंदराव परके. त्यांचं नाव दिवसातून वाटेल तितक्या वेळा घ्यायची बाईला मोकळीक. बरं, त्या गृहस्थाच्या नावातच राव. म्हणजे नुसतं बोलावलं तरी मान मिळणार. गोरखला कुणी मान द्यायचा म्हटलं तर राव वेगळं जोडावं लागायचं, आणि ते कष्ट कुणी घेत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंगल खाचराकडं गेल्यावर त्यानं लॅपटॉप काढला. लॅपटॉप जुना, डिस्कचा कप्पा असलेला, म्हणून स्वस्तात मिळालेला. आत काय असेल याची चित्रं तो पहाटेपासून रंगवत होता. मंगल पदर सावरून पोह्यांची बशी पुढं करतेय. आनंदराव बशी घेतायत. मंगल हसली का? गोरख बघायला गेला तेव्हा ती हसली नव्हती. तेव्हा त्याला वाटलं होतं, लाजली असेल. आता त्याला तेवढंच बघायचं होतं. ती आनंदरावांकडं बघून हसली होती का?

त्यानं लाल नाडी कात्रीनं कापली, डिस्क कप्प्यात ठेवली, कप्पा ढकलला. लॅपटॉप थोडा घुमला, शांत झाला आणि पडद्यावर म्हणाला, की डिस्क कोरी आहे, हिच्यावर तुम्हाला काय भरायचं आहे?

गोरखनं डिस्क काढून बनियनला पुसली. कोरी. फडक्यानं, मधून बाहेर, सरळ रेषेत पुसली, जशी जाणकार मंडळी सांगतात. कोरी. मोबाईलवर शोधलं, तर कुणीतरी परक्या भाषेतला मजकूर यंत्राकडून मराठीत करून टाकला होता. त्यात पहिलाच प्रश्न होता, ‘तुमची डिस्क अस्वच्छ चारित्र्याची आहे का?’ गोरखला तो प्रश्न व्यक्तिशः विचारल्यासारखा वाटला. पुढं लिहिलं होतं, ‘दुसरी डिस्क घाला. ती चालली तर दोष तुमच्यात नाही.’

दुसरी डिस्क म्हणजे खाचरातली. मंगलची पाठ वळलेली बघून तो बांधावर गेला आणि भाग दुसरा सोडून आणला. ऊन, पाऊस, पोपट असं सगळं सोसून आलेली ती डिस्क. धुऊन कप्प्यात घातली तर फडाफडा चालायला लागली. दोष लॅपटॉपमध्ये नव्हता.

पडद्यावर गोरख होता. डोक्यावर भरपूर केस, कपाळावर मुंडावळ्या, चेहरा विमा न काढलेल्या माणसाचा. शेजारी मंगल. बायका उखाण्यासाठी तिच्या मागं लागलेल्या. गोरख पुढं सरकून बसला. त्याला एकदम आठवलं, की आयुष्यात एकदा, सगळ्या मांडवासमोर, तिनं आपलं नाव घेतलंय, आणि ते ह्याच डिस्कवर आहे. मंगलनं मान खाली घातली. सावकाश उखाणा सुरू केला. नदी झाली, घाट झाला, देव्हाऱ्यातली समई झाली, आता नावच यायचं, आणि नेमका तेव्हा बँडवाल्यांनी बाहेर बार उडवला. नाव बुडालं. बायका हसल्या. मंगलही हसली. पण कुणाकडं बघून, तर बँडकडं.

गोरखनं ती डिस्क परत नेऊन सुतळीला बांधली.

आता इलाज कुणाला तरी दाखवण्याचा. भोरला एसटी स्टँडसमोर सारिकाचं कॉम्प्युटर आणि झेरॉक्सचं दुकान होतं. अडचण एकच, डिस्कवरचा मजकूर. गोरखनं त्यावर खाकी चिकटपट्टी लावली. एक पुरेना, म्हणून आडवी दुसरी लावली, आणि गंभीर चेहऱ्यानं दुकानात गेला.

दुकानात झेरॉक्ससाठी माणसं उभी होती. सारिकानं डिस्क आपल्या मशीनमध्ये घातली तशी आतून चक्कीसारखी घरघर सुरू झाली.

“अहो दादा, पट्ट्या कशाला लावल्यात? डिस्क एका बाजूला जड होते. नीट फिरत नाही.” आणि तो ‘थांब’ म्हणेपर्यंत तिनं चरचरत पट्ट्या ओढून काढल्या आणि मोठ्यानं वाचलं, “मंगल. पाहणी. आनंदराव, मार्गासनी.”

झेरॉक्सवाल्या माणसांनी माना वळवल्या.

“पाहणी म्हंजी पंचनाम्याची का ओ?” एका टोपीवाल्यानं विचारलं.

“व्हय,” गोरख म्हणाला. “जमिनीची.”

“कुनाच्या?”

“सासऱ्यांच्या.”

“मग मिळाली का भरपाई?”

“न्हाई अजून.”

सारिकानं डिस्क उजेडाला धरून तिरकी केली. “कोरी नाहीये ही, दादा. हे बघा, आतल्या बाजूला पट्टा जरा काळपट दिसतो ना? तेवढं भरलंय. पण फायनल केलेली नाही.”

“म्हंजी?”

“घरच्या मशीनवर भरली असणार. भरून झाल्यावर ते मशीन विचारतं, फायनल करू का? हो म्हटलं की डिस्क कुठंही चालते. नाही म्हटलं, तर आत काय आहे ते फक्त त्या मशीनला माहीत. बाकी सगळ्या जगाला ती कोरी दिसते.”

गोरख तिच्याकडं बघत राहिला. हे वर्णन त्याला नुसत्या डिस्कचं वाटलं नाही.

“मग आता?”

“ज्या मशीनवर भरली तिथं न्या. ते असलं तर फायनल करा. नसलं तर मात्र,” सारिकानं डिस्क पाकिटात सरकवली, “पाखरांना टांगा. आमच्या गावाला टांगतात.”

मशीन हिर्डोशीला. पण हिर्डोशीच्या आधी शत्रू डोळ्यांखालून घालावा, असं गोरखनं ठरवलं. त्यानं मोटरसायकल उलट्या दिशेला घातली, नसरापूरवरून वळला आणि वेल्ह्याच्या रस्त्यानं मार्गासनीला उतरला.

आनंदरावांचं हॉटेल खरंच चालत होतं. बाहेर पुण्याच्या गाड्या, आत किल्ल्यावर जाणारी पोरंपोरी. गल्ल्यावर बसलेला माणूस आनंदरावच असणार, हे गोरखनं नाव न विचारता ओळखलं. कारण त्याच्या डोक्यावर सगळे केस होते. काळे होते. भांग पाडलेला होता. गोरखनं आपली टोपी काढली नाही.

“या पावनं, बसा,” आनंदराव म्हणाले. “कुठलं?”

“उत्रोली.”

“भोरची का? लई लांब आलासा की. ए, पावन्यांना फुल चा दे रे!” चहा आला. चहाही चांगला होता. आनंदराव स्वतः येऊन समोर बसले. “आन सासरवाडी कुठली म्हनायची?”

हा प्रश्न गोरखला हवाच होता. त्यानं कप खाली ठेवला. “हिर्डोशी.”

“हिर्डोशी!” आनंदरावांचा चेहरा उजळला. गोरखचं काळीज तेवढंच काळवंडलं. “आवो, म्या गेल्तो की एकदा हिर्डोशीला! पोरगी बगाया.”

“मग?”

“पोहे दिलं व्हतं. आयला, काय पोहे व्हतं पावनं! वरनं वलं खोबरं, कोथमीर, लिंबाची फोड. तसं पोहे पुना खाल्लं न्हाईत बगा. हितं हाटेलात दहांदा करून बगितलं. न्हाई जमत.”

“आन पोरगी?”

“पोरगी...” आनंदरावांनी वर पंख्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. “पोरगी व्हती की. तिनंच आनून दिलं आसत्याल न्हवं पोहे.”

दुसरा कुणी असता तर हलका होऊन परत फिरला असता. गोरख दुप्पट पेटला. एकतर हा माणूस त्याच्या बायकोला विसरला होता. असं विसरायला ती काय बशी होती? आणि दुसरं म्हणजे पोहे. गोरखला पोहे नव्हतेच. त्याला चिवडा होता. दुकानातला. त्यात शेंगदाणे होते, त्यातला एक कुजका निघाला होता आणि तो त्यानं सासऱ्यांसमोर गिळला होता. हिर्डोशीच्या डोंगरात नारळ कुठला? कुणीतरी मुद्दाम भोरच्या बाजारातून आणला असणार. आनंदरावांसाठी. मग दुसरा आणायला काय झालं होतं?

निघताना आनंदरावांनी चहाचे पैसे घेतले नाहीत. “हिर्डोशीचं पावनं तुमी. पैसं घेत्यात व्हय?” हे तर फारच झालं. गोरख कुठल्याही गिऱ्हाइकापुढं त्याच्या मरणाची शक्यता पहिल्या चहालाच मांडायचा. आज त्यानं विम्याचा विषय काढला नाही. आज ती शक्यता मांडताना आवाजात जिव्हाळा आला असता.

पुढच्या सकाळी तो हिर्डोशीला निघाला. मंगलला सांगितलं, हिर्डोशीत विम्याचं काम आहे.

“म्हायेरी चाललाय तर आईला ह्या शेंगा द्या,” तिनं शेवग्याची जुडी दिली. “आन येताना भोरातनं औषद आना. त्या वरच्या खाचरात बी ठिपकं आलं.”

“आनतो,” गोरख म्हणाला. पाहणीची डिस्क त्याच्या शर्टाच्या आत, पोटाशी होती.

हिर्डोशीच्या घरात सोपानचं मशीन अजून होतं. टीव्हीखाली, विणलेल्या रुमालाखाली, वर गणपती. सोपान आता रिटायर व्हायला आला होता, पण मशीनचा विषय निघाला की मुकादम व्हायचा.

“चालतंय म्हंजी काय, दाजी! रिमोट बगा, अजून पिशवीतनं काडला न्हाई.” त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतला रिमोट दाखवला. “पन तुमास्नी काय काम पडलं?”

“एक डिस्क फायनल करायचीय,” गोरख म्हणाला, जमेल तितक्या सहज. त्याचा बेत असा, की इथं नुसती फायनल करून घ्यायची आणि घरी दार लावून, एकट्यानं, लॅपटॉपवर बघायची. “हितं बगायची गरज न्हाई. फायनल तेवढी करा.”

सोपाननं डिस्क हातात घेतली. वाचली. गोरखकडं बघितलं. पुन्हा वाचली.

“आई,” त्यानं आत हाक मारली, “भाईर ये जरा. दाजींनी आनंदरावांची डिस्क आनलीया.”

धोंडाबाई, गोरखच्या सासूबाई, हातातलं सूप घेऊनच बाहेर आल्या. “कोन आनंदराव?”

“मार्गासनीचं. मंगलला बगाया आल्तं त्ये. दाजी म्हनत्यात, फायनल करायचीय.”

“आगं बया!” धोंडाबाईंनी सूप खाली ठेवलं. “जावईबापू, आता? पोरगी अकरावीला गेली तुमची.”

“तसं न्हवं, मामी. डिस्क फायनल करायची. नुसती डिस्क.”

“मंग तवाच का न्हाई केली रं सोपान?”

“तूच इचारतीस व्हय? आबांनीच करू दिली न्हाई.” सोपान गोरखकडं वळला. “दाजी, पावनं गेलं आन म्या मशीन बंद कराया लागलो. तर मशिनीनं इचारलं, फायनल करू का? म्या आबांना म्हनलं, आबा, फायनल करायचं का इचारतंय. आबा म्हनलं...”

“ह्ये भडाकलं व्हतं,” धोंडाबाई मध्येच हसायला लागल्या. “म्हनलं, पोरगी बगून मानसं उंबऱ्याभाईर पडली न्हाईत, अजून देन्याघेन्याचं बोलनं न्हाई, आन त्या मशिनीला कसली घाई? आपून पोरीकडचं. आपून आदी व्हय म्हनायचं नसतंय. न्हाई म्हन तिला!”

“म्हनून म्या न्हाईचं बटान दाबलं,” सोपान म्हणाला. “तवापासनं न्हाईच हाय.”

गोरखला सासऱ्यांविषयी, गेनूमामांविषयी, ते गेल्यानंतर पहिल्यांदाच गहिवरून आलं. “म्हंजी मामांना पसंत न्हवतं ते स्थळ?”

“आवो, पसंत व्हतं की! चांगलं व्हतं. पोरगा कसा, भांग पाडून आल्ता.” धोंडाबाईंना आठवणीनं बरं वाटत होतं. “पन मार्गासनीला जायाचं म्हंजी भोरात यष्टी बदला, नसरापुरात यष्टी बदला. ह्ये म्हनलं, लेकीकडं जायाचं का मुंबईला? मंग तुमचं आलं. उत्रोली! हितनं बसलं की भोर, आन भोरातनं चालत. ह्यांनी तितंच ठरवलं.”

इतकी वर्षं गोरख धरून चालला होता, की आपली निवड झाली. निवड उत्रोलीच्या रस्त्याची झाली होती.

“आन पोहे?” त्याच्या तोंडून गेलं.

“कसलं पोहे?”

“काय न्हाई.”

सोपाननं डिस्क मशीनमध्ये सरकवली. टीव्ही लावला. मशीन कण्हलं, थरथरलं, गणपती थोडा सरकला. मग पडद्यावर निळी पाटी आली. त्याच जुन्या प्रश्नाची, खाली होय आणि नाही.

“दाजी,” सोपान रिमोट धरून उभा राहिला. आवाज नकळत लग्नाच्या बैठकीतला झाला. “मंग काय? व्हय म्हनू का?”

धोंडाबाईंनी पदर डोक्यावरून सारखा केला. ह्या घरात आनंदरावांच्या पाहणीला शेवटचा होकार आता जावयानंच द्यायचा होता.

“म्हना,” तो म्हणाला.

फायनल व्हायला चहा होऊन प्यायला जातो तेवढा वेळ लागला. पाटी गेली. गोरख डिस्क काढून घ्यायला उठला.

“आवो बसा की,” सोपान म्हणाला, “आता झालीया तर बगूया. आमी तरी कुठं बगितलीया? स्थळ मोडलं आन ऱ्हाऊन गेली.” आणि त्यानं बटण दाबलं.

गोरखला पळून जाता येईना आणि बघवेना. त्यानं मांडीवरच्या शेंगांची जुडी घट्ट धरली. पडदा काळा झाला, मग पांढरा, मग हिरवा. हिरव्यात भाताचं शेत होतं. शेतात एक चष्मेवाले गृहस्थ उभे होते. त्यांनी नमस्कार केला.

“शेतकरी बंधूभगिनींनो, आजच्या भागात आपण भात पिकावरील करपा रोगाची माहिती घेणार आहोत.”

गृहस्थ एक ठिपक्याची पात हातात घेऊन पुढं बोलत राहिले.

“हे आनंदराव?” गोरखनं विचारलं.

सोपाननं मशीनच्या मागं वाकून वायरी चाचपल्या. मग कपाळावर हात मारला. “आयला. कॅमेऱ्याची वायर लावली व्हती, पन मशीन अँटेन्यावरच ऱ्हायलं. टीव्हीवर चाललं व्हतं त्ये भरलं समदं.” तो थोडा विचार करून म्हणाला, “म्हंजी रेडकाचं बी तसंच झालं आसनार.”

“गप रं,” धोंडाबाई म्हणाल्या, “ऐकू दे. औंदा आपल्याकडं बी करपा हाय.”

मग तिघांनी तो कार्यक्रम शेवटपर्यंत बघितला. युरिया फार घालू नये, बांध स्वच्छ ठेवावेत आणि फवारणी वारा नसताना करावी, असं गृहस्थांनी सांगितलं. मंगल कुठंच नव्हती. आनंदरावही नव्हते. हसली की नाही हा प्रश्न गणपतीसारखाच थोडा सरकून जिथल्या तिथं होता.

परतताना गोरखनं भोरातून औषध घेतलं. घरी पोचला तेव्हा मंगल ओटीवर पावटे सोलत बसली होती. तिनं आधी बाटली बघितली, मग त्याच्याकडं.

“बरं झालं आनलं. कुनी सांगितलं ह्ये मारायचं?”

“टीव्हीवर सांगत व्हते.”

“आईला शेंगा दिल्या?”

“दिल्या.” तो पायरीवर बसला. मग उठला. मग पुन्हा बसला आणि शर्टाच्या आतून डिस्क काढून तिच्यापुढं ठेवली. एवढे दिवस जे आडून विचारलं ते आता सरळच बाहेर पडलं. “एक सांग. आपल्या लग्नाच्या समद्या टांगल्यास. आन ही तेवढी डब्यात का ठिवलीस? नाडी बांदून, जपून?”

मंगलनं पावटा सोलता सोलता डिस्ककडं बघितलं. तिला आठवायला थोडा वेळ लागला.

“जपून कुठं? लग्नाच्या डिस्कांतच आल्ती ती म्हायेरनं. पयली तीच टांगली व्हती. एका अंगानं पांढरी हाय, चमकतच न्हाई. पाखरं भीत न्हाईत तिला. म्हनून काडून डब्यात टाकली.” तिनं डिस्क उलटी करून भोकात बोट घातलं. “नाडी कुठंय हिची?”

“कापली.”

“चांगली व्हती की वो नाडी,” मंगल म्हणाली.